चाळीसपर्यंत

तुझलाच्या पलीकडे, कोळशाच्या खाणीपाशी
त्या हिवाळ्यात अजून पाच वाफेची इंजिनं कामावर होती.
कुणी हौसेनं जपलेली नव्हेत.
नवी घ्यायला पैसे नव्हते, एवढंच.

मी वडिलांच्या स्टुडिओतला लाकडी कॅमेरा नेला,
ज्याच्यापुढे अर्ध्या गावानं
लग्नाच्या दिवशी मान ताठ केली होती.
भाता, तिपाई, काळं कापड,
सहा होल्डर, दोन्ही बाजू धरून बारा फोटो.
तेरावा नाही.

"बाराच?" फायरमन रिफेत म्हणाला,
"माझ्या नातीच्या फोनात हजार आहेत.
सगळे मांजराचे."

कापडाखाली शिरलं की शेड उलटी होते.
चाकं आढ्याला, धुराडं जमिनीकडे,
छपराच्या भोकातून पडणारा बर्फ
सावकाश वर चढत जातो.
फिटर सेनाहिदला बघायचं होतं.
त्यानं टोपी काढली, देवघरात शिरावं तसा आत वाकला,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मग कापडातून आवाज आला:
"उताणी पडलीय.
आता तरी कळेल, गळतंय कुठून."

उजेड इतका थोडा
की चाळीस सेकंद लागणार होते.
तिपाई कोळशाच्या ढिगावर रोवली,
इंजिन आणि टेंडरच्या मधल्या फटीतून
रिफेत डोक्यापासून पायांपर्यंत दिसत होता.
सेनाहिद खाली, चाकाला टेकून, हातात तेलाची झारी.
हलायचं नाही, मी म्हटलं.
रिफेतनं छातीवर हात ठेवला. शब्द दिला.

झाकण काढलं. मोठ्यानं मोजायला लागले.
एक. दोन.
अकराला त्याची नजर काट्याकडे गेली.
बाराला फावडं उचललं.
वाफ कुणाच्या शब्दावर थांबत नाही.
भट्टीचं दार उघडलं, मिटलं, उघडलं,
आणि सेनाहिद, झारीसकट,
मयताला उभं राहावं तसा उभा,
ओठ न हलवता शिव्या देत होता.
मी मोजत राहिले. दुसरं काय करणार.
चाळीस.

रात्री मिट्ट अंधारात, बोटांच्या भरवशावर,
फिल्म पाण्यातून, रसायनातून, परत पाण्यातून काढली.
दिवा लावून धरली तर
कोळसा पांढराफटक, बर्फ काळा,
भट्टीचं तोंड काजळासारखं.
सेनाहिदची बटणंसुद्धा मोजता येत होती.
वर फटीत, जिथे रिफेत होता, तिथे
नुसतं धुकं, एकदा इकडे झुकलेलं, एकदा तिकडे.
आणि धुक्याखाली दोन बूट.
लख्ख. टाचेची शिवण दिसेल इतके.

चांगला फायरमन पाय हलवत नाही,
कमरेतून वळतो,
हे मला नंतर कळलं.
तेव्हा मी पाकिटावर लिहिलं: एक वाया.

एप्रिलमध्ये त्याची बायको आली, मेवलिदा.
तो निवृत्त झाला होता. स्वयंपाकघरात बसतो म्हणाली,
मीठ हवं असलं तरी कमरेतून वळून घेतो.
यायला लाजला. शब्द मोडला ना बाईंचा.
टेबलावर मी अकरा फोटो मांडले,
तिनं अकराही पाहिले, शेजारच्यांची लग्नं पाहावीत तसे.
"आणि तो हलला, तो?"

पाकिटातून काढून दिला.
चष्मा नव्हता, हात लांब करून धरला.
डाव्या बुटाला नाडीऐवजी तार होती,
टेलिफोनची, रंगीत वेष्टणाची, फोटोत करडी.
"ही मी घातली," ती म्हणाली.
"दिवाळं निघालं होतं आमचं त्या महिन्यात."
थोडं थांबली.
"हाच. घरी यायचा तेव्हा असाच यायचा.
आधी बूट.
बाकीचा माणूस आंघोळीनंतर."

दोन प्रती मागितल्या. पैसे मोजून ठेवले,
मी नको म्हणत असताना.
दारातून परत वळली, फोटो आडवा, उभा, करून बघत:
"वरची बाजू कुठली गं?"

बूट खाली, मी म्हटलं.